सबहा आत्याचं जमतूत

माझी सबहा आत्या सत्तरीला टेकली होती, तेव्हा नवऱ्यावर रुसून माहेरी आली. माहेर म्हणजे आमचं घर. सासर म्हणजे त्याच गल्लीत उताराला असलेलं घर. दोन्ही गच्च्यांवरून एकमेकांचं वाळत घातलेलं धुणं दिसतं. एवढ्याशा अंतरासाठी तिने कपड्यांचं गाठोडं, स्वतःची उशी, कवळीची वाटी आणि कॉफी कुटायचा लाकडी खल असं सगळं उचलून आणलं होतं. आईने दार उघडलं, आधी खलाकडे पाहिलं आणि मग आत्याकडे.

"वन्सं, किती दिवस?"

"तो मरेपर्यंत, नाहीतर मी मरेपर्यंत. आधी जे होईल ते."

"म्हणजे चहा टाकते," आई म्हणाली.

आमच्या जॉर्डनमधल्या अजलूनच्या डोंगरात बायका रुसून माहेरी येतात यात नवल काही नाही. माझी धाकटी आत्या तर इतक्यांदा यायची की तिच्या चपलांचा एक जोड आमच्याकडेच असायचा. पण त्या असतात विशी-पंचविशीच्या, कडेवर पोर असतं, आणि सासू काहीतरी टोचून बोललेली असते. नातवंडांची लग्नं झाल्यावर कोणी रुसत नाही, कारण तोवर माणसाला रुसण्याचाही कंटाळा आलेला असतो. सबहा आत्याला कंटाळा आला नव्हता. आणि कारण काय, तर फूल.

जमतूत तुम्ही पाहिलं नसेल. वीतभर उंचीचं रोप, त्याला झाड म्हणायलाही लाज वाटावी. पानं बदामाच्या आकाराची, हिरव्यावर पांढरट नक्षी, खालून जांभळट. फूल गुलाबी, मान खाली घातलेलं, पण पाकळ्या सगळ्या मागे उलटलेल्या, वाऱ्यात पळणाऱ्या बकरीच्या कानांसारख्या. हिवाळ्यात ऑलिव्हच्या बांधांतल्या दगडांमधून ते वर येतं. शहरातले लोक त्याला सायक्लामेन म्हणतात आणि खिडकीत ठेवून त्याच्याकडे बघत बसतात. आम्ही त्याची पानं खुडतो, त्यात भात नि खिमा भरतो आणि लिंबू पिळून खातो. घशाला थोडी खाज येते. चालतं.

आत्या मात्र दोन्ही करायची, खायचीही आणि बघत बसायचीही. तिच्या अंगणातल्या भिंतीवर तुपाच्या रिकाम्या डब्यांची रांग होती आणि प्रत्येक डब्यात जमतूत. त्यातल्या पहिल्या डब्यातला कंद माझ्या आजीने तिला लग्नात दिला होता. सोनं देण्याची ऐपत नव्हती, म्हणून आजीने उंबऱ्याजवळचा कंद उकरून फडक्यात बांधून दिला आणि म्हणाली, हा तुझ्याहून जास्त जगेल. जमतूतचा कंद खरंच माणसाइतका जगतो. दरवर्षी थोडा रुंद होतो, आणि त्याला कोणी सांभाळावं लागत नाही. ह्या दोन्ही बाबतींत तो माझ्या आत्यासारखाच होता.

कारण तिलाही कोणी सांभाळलं नाही. मिफ्लेह आतोबा लष्कराच्या बँडमध्ये बॅगपाइप वाजवायचे. लग्न झालं, आठवडाभर राहिले, गाल फुगवून फुंकायला परत छावणीत गेले. लष्करातून सुटले तर अकबाच्या बंदरावर गोदामाचे पहारेकरी झाले. महिन्याकाठी एकदा यायचे, बर्फात घातलेले मासे आणायचे, एखाद्या मुलाला चुकीच्या नावाने हाक मारायचे आणि जायचे. घर, बकऱ्या, ऑलिव्ह, पाच पोरं हे सगळं आत्याने एकटीने ओढलं. तिने त्याची तक्रार कधी केली नाही. माझ्या मते नवरा अकबाला असणं तिला आवडायचं.

मग आतोबा कायमचे घरी आले.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. आतोबांनी पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरातल्या बरण्या उंचीप्रमाणे लावल्या, त्यामुळे मिठाची बरणी आत्याला आयुष्यात पहिल्यांदा शोधावी लागली. दुसऱ्या आठवड्यात कोंबड्यांना खायला घालण्याची वेळ ठरवली. मग त्यांची नजर डब्यांवर गेली. डबे वेगवेगळ्या रंगांचे होते, कुठे गाईचं चित्र, कुठे सूर्यफुलाचं. त्यांनी सगळे लष्करी हिरव्या रंगाने रंगवून टाकले.

वसंतात फुलं गळली की जमतूतचे देठ आपणहून वेटोळे घेतात. बोंड घट्ट गुंडाळून खाली मातीला टेकवतात, मग बी मुंग्या वाहून नेतात. आतोबांना हे माहीत नव्हतं. त्यांना दिसलं ते इतकंच, की रोपं वाकडी उभी आहेत. सकाळभर बसून त्यांनी एकेक वेटोळं सोडवलं, काड्या रोवल्या आणि दोऱ्याने देठ सरळ बांधले. आत्या बकऱ्यांकडून परत आली तर सगळी रांग सावधान उभी.

"काय हे?"

"वळण लावलं," आतोबा म्हणाले. "इतकी वर्षं कोणी लक्षच दिलेलं नाही."

आत्याने दोरे सोडले आणि आमच्याकडे येऊन तीन पेले चहा प्यायली. तेव्हाही ती परत गेली. आईने तेव्हाच ओळखलं होतं म्हणे. पण आईने सगळंच तेव्हाच ओळखलेलं असतं, सांगते मात्र नंतर.

त्या उन्हाळ्यात आत्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी अम्मानला रातिबकडे, म्हणजे थोरल्या मुलाकडे राहायला गेली. जाताना तिने आतोबांना कोंबड्यांबद्दल सांगितलं, बकऱ्यांबद्दल सांगितलं. डब्यांबद्दल काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच. उन्हाळ्यात जमतूतची पानं झडतात, माती कोरडी पडते आणि कंद झोपतो. त्या काळात त्याचं काही म्हणजे काहीही करायचं नसतं. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. पण शेंबड्या पोराने बॅगपाइप वाजवलेला नसतो.

आतोबा नुकतेच धार्मिक झाले होते. पेन्शन सुरू झाली की आमच्याकडे पुरुषांना हे होतं. पाचही वेळच्या नमाजाआधी ते अंगणातच वजू करायचे, म्हणजे तोंड, हात, पाय धुवायचे. आता आमच्याकडे नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा, तेही लहर असेल तर. टाकीत पाणी साठवून पुरवून वापरायचं. त्यात मशिदीतल्या इमामांनी एका शुक्रवारी सांगितलं, की वजूचं पाणी वाहत्या नदीच्या काठावर बसलात तरी वाया घालवू नका. आतोबांनी हुकूम तंतोतंत पाळला. चौरंगासारखं स्टूल घेऊन ते भिंतीलगत बसायचे आणि थेट डब्यांवरच वजू करायचे. सकाळी एका डब्यावर, दुपारी दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एकाही डब्यावर अन्याय झाला नाही.

आत्या परतली, डोळ्यावर हिरवी पट्टी. अंगणात पाऊल टाकलं आणि आधी तिला वासच आला. तिने पहिल्या डब्यात बोट घातलं. बोट आतपर्यंत गेलं. कंदाचा नासक्या बटाट्यासारखा लगदा झाला होता. मग दुसरा डबा, तिसरा, शेवटपर्यंत सगळे. मी तिची पिशवी घेऊन मागे उभी होते, म्हणून पुढचं सगळं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"काय केलंत तुम्ही?"

"पाणी घातलं. अगदी सुकून गेले होते."

"कसलं पाणी?"

"वजूचं. पाक पाणी. वाया का घालवायचं?"

"म्हणजे माझ्या आईच्या कंदावर तुम्ही उन्हाळाभर पाय धुतलेत."

"पाय शेवटी असतात," आतोबा म्हणाले. "आधी तोंड धुतात."

मला हसू आलं, आणि मग आत्याचा चेहरा दिसला. तिच्या उघड्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, आणि पट्टीखालच्या डोळ्याला रडायची डॉक्टरांनी मनाई केली होती. मी तिला तिच्या नवऱ्याच्या अंगणात रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ती आत गेली आणि गाठोडं बांधू लागली.

रुसलेल्या बाईला आणायला नवऱ्याने गावातली वजनदार मंडळी घेऊन जायचं असतं. आतोबांनी हाज मशहूर यांना गाठलं. हाज मशहूर म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या सोयरिकींचे आणि समेटांचे मुखत्यार. खुनाची भांडणं त्यांनी मिटवली होती. दिवाणखान्यात मंडळी बसली, बाबांनी कॉफी फिरवली. हाज मशहूरांनी रिवाजाप्रमाणे पेला समोर ठेवला. मागणं मान्य झाल्याशिवाय ओठाला लावायचा नाही. बाकीच्यांनीही पेले ठेवले. हाज मशहूरांनी घसा साफ केला, अल्लाची स्तुती केली, दोन्ही घराण्यांची केली, आणि म्हणाले, "आमची कॉफी तुम्ही गार होऊ देणार नाही, अशी खात्री आहे. उम्म रातिबला तिच्या घरी पाठवा." आमच्याकडे मोठ्यांना थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, आई ती उम्म रातिब आणि बाप तो अबू रातिब.

बाबा म्हणाले, "घर तिचंच आहे, हेही आणि तेही. तिला विचारा."

पडद्याआडून आत्याचा आवाज आला. "मेलेलं काही परत येतं का, हाज?"

"कोण मेलं?" हाज मशहूरांनी दचकून आजूबाजूला पाहिलं.

"जमतूत," आतोबा पुटपुटले.

हाज मशहूरांना वाटलं की आपण नीट ऐकलं नाही. त्यांना पुन्हा सांगितलं. मग सोबत आलेल्या इमामांना वाटलं की आपल्या प्रवचनावर बालंट येतंय. ते म्हणाले, "वजूच्या पाण्याने काही कुजत नाही."

"मग या, बोट घालून बघा," आत्या म्हणाली.

कोणी उठलं नाही. थोड्या वेळाने आत्याच म्हणाली, "ह्यांच्या हातून माझ्या अंगणात एक जमतूत फुलू दे. डोंगरातलं, वासाचं. मग मी येईन. आत्ता ती कॉफी राहू दे."

हाज मशहूरांच्या आयुष्यातली ही पहिली गार झालेली कॉफी. ते आईला म्हणाले, "वहिनी, खुनालासुद्धा याहून लहान शर्त असते." आणि जोडा घालताना बराच वेळ चुकीच्या पायात घालत राहिले.

दुसऱ्याच दिवशी आतोबा बसने इरबिदला गेले आणि रोपवाटिकेतून सायक्लामेनची कुंडी घेऊन आले. मुठीएवढी फुलं, लाल भडक, वर सोनेरी कागद. मीच ती आत्याकडे नेली. तिने नाक लावलं. पुन्हा लावलं.

"याला वासच नाही. नवरीसारखं नटवलंय आणि आत काही नाही. परत दे."

"मला चालेल," आई म्हणाली. तिने ती फ्रिजवर ठेवली. ती कुंडी पुढे दोन महिने फुलत राहिली आणि आत्या फ्रिज उघडताना तोंड फिरवत राहिली.

मग आतोबा कुदळ घेऊन स्वतःच्या ऑलिव्हच्या बांधावर गेले. पण उन्हाळा संपलेला नव्हता, आणि झोपलेलं जमतूत वरून दिसत नाही. त्यांनी पंधरा ठिकाणी तरी खणलं. रानकांदे निघाले, एक जुना बूट निघाला, आणि एक विंचू निघाला ज्याने त्यांना हिसका दाखवला. बाबांनी त्यांना दवाखान्यात नेलं. आत्याने ऐकलं आणि म्हणाली, "कुठे चावला?" अंगठ्याला म्हटल्यावर "बरं" म्हणाली आणि पुन्हा मसूर निवडू लागली. पण त्या दुपारी ती दोनदा गच्चीवर धुणं बघायला गेली, आणि धुणं घातलेलं नव्हतं.

ऑलिव्ह उतरवून झाले, पावसाने बांध भिजले आणि दगडांतून पानं डोकावली, तेव्हा कुठे आतोबांना एक कंद सापडला. तो त्यांनी दोन्ही हातांत धरून गच्चीवर आणला. खालच्या गच्चीवर ते, वरच्या गच्चीवर आत्या आणि मध्ये मी. आत्या त्यांच्याशी बोलत नव्हती, म्हणून टेलिफोन मी. दोघांनाही एकमेकांचं स्पष्ट ऐकू येत होतं.

"इन्साफ, त्यांना विचार, माती कुठली घेतली?"

"लाल," आतोबा म्हणाले. "आपल्या बांधावरची."

"त्यांना सांग, नुसती लाल माती दगड होते. ओकच्या झाडाखालचा कुजलेला पाला घ्या तेवढाच, आणि चुनखडीची बारीक खडी. डब्याला तळाशी भोकं पाडली का विचार."

"भोकं?"

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार," आत्या माझ्याकडे बघून म्हणाली. "पाणी जायला वाट नको? त्यांना सांग, खिळा आणि हातोडी घ्या."

ठोकाठोक झाली. मग आतोबांनी डब्यात कोपरापर्यंत हात घालून कंद खाली, तळाशी ठेवला.

"अगं त्याला सांग, ती भाकरी आहे," आत्या ओरडली. 'त्यांना' वरून 'त्याला' वर आली होती. "भाकरी कोणी पुरतं का? वर ठेव, वर. पाठ मातीबाहेर दिसली पाहिजे. पानं निघतात ती बाजू आभाळाकडे."

"पाणी?" आतोबांनी विचारलं. अगदी हळू विचारलं.

आत्या कठड्यावर वाकली. "पानं आहेत तोवर घालायचं. आठवड्याला एकदा, कडेकडेने. मधोमध नाही, डोक्यावर नाही. आणि पाय धुतलेलं नाही. हे त्यांना नीट सांग, इन्साफ."

मी नीट सांगितलं. सगळी गल्ली गच्चीवर येऊन ऐकत होती, त्यामुळे आमच्या गल्लीत आता सगळ्यांना जमतूत लावता येतं.

त्या वर्षी फूल आलं नाही. पानं असताना उपटलं की ते रुसतं, वर्षभर तोंड दाखवत नाही. आमच्या घरात रुसण्याबद्दल कोणाला नवल वाटलं नाही. आईला फक्त हिशेब कळला, की वन्सं आणखी एक हिवाळा इथेच आहेत. आत्या माझ्या खोलीत झोपायची, पहाटे उठून खलात कॉफी कुटायची, आणि आईने केलेल्या भातात मीठ कमी आहे हे भात शिजण्याआधीच सांगायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी आईची गत. नणंदेला जा म्हणता येत नाही, आणि राहा म्हणायची तर गरजच नव्हती.

मग पानं पिवळी पडू लागली. आतोबा धावत आमच्या दाराशी आले.

"इन्साफ, मरतंय ते."

आतून आत्या म्हणाली, "झोपतंय. त्यांना सांग, झोपलेल्याच्या तोंडावर पाणी मारत नाहीत. पाणी बंद. डबा अंगणातल्या रोटीच्या जुन्या भट्टीच्या खोलीत ठेवा, गार सावलीत. आणि आता काही करू नका."

"काही नाही म्हणजे किती नाही?"

"काहीच नाही."

मिफ्लेह आतोबांना कोणी काहीच करू नका असं उभ्या जन्मात सांगितलं नव्हतं. लष्करात तर त्यासाठी शिक्षा होती. पहिला आठवडा ते त्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. वजूची वेळ झाली की हात शिवशिवायचे. शेवटी त्यांनी स्वतःवरच उपाय काढला. वजू करायला आमच्या अंगणात येऊ लागले. पाचही वेळा. पहाटे तर आमच्या नळाशी त्यांच्या खाकरण्याने कोंबडे जागे व्हायचे. पाणी आमच्या लिंबाच्या बुंध्याला जायचं. वजू झाला की त्यांना चहा द्यावा लागे, चहा झाला की पुढच्या नमाजाची वेळ झालेली असे. आई म्हणाली, "आधी नणंद होती, आता नंदावाही आले. यांनी भांडण मिटवलं असतं तर मला निदान एकटीला राहता आलं असतं."

आत्या पडद्याआड बसून ऐकायची. एकदा म्हणाली, "डावा पाय नीट धुवत नाहीत. पहिल्यापासून."

एका दुपारी आतोबांनी माझ्या हातात भट्टीच्या खोलीची चावी ठेवली. लोखंडी, वीतभर लांब.

"हिला दे. माझ्या हातांचा मला भरवसा नाही. काल दार उघडून मी नुसतं बघितलं, तर हातात तांब्या होता. कधी घेतला ते कळलंच नाही."

मी चावी आत्याला दिली. तिने ती उलटसुलट पाहिली, झग्याच्या आतल्या खिशात टाकली आणि त्या दिवशी भातात मीठ कमी आहे असं म्हणाली नाही.

आतोबांचा समज असा, की आपण मशिदीत असतो तेव्हा ही जाऊन बघत असणार. माझाही तोच समज. ऑलिव्हचा हंगाम आला, रात्री गार झाल्या, बांधांवर नवी पानं फुटली. झोप संपली की पुन्हा पाणी सुरू करायचं असतं, नाहीतर कंद वाळून जातो. हे मलाही गच्चीवरच्या टेलिफोनमुळे पाठ झालं होतं. आम्ही ताडपत्रीवर बसून ऑलिव्ह निवडत होतो, तेव्हा मी सहज विचारलं, "आत्या, डब्याला पाणी घालायला लागलीस ना?"

ती निवडत राहिली. "जाईन उद्या."

"म्हणजे अजून गेलीच नाहीस?"

"नाही."

"चावी तुझ्याकडे आहे. उन्हाळ्यापासून."

"मेलेलं निघालं तर?" ती म्हणाली. "चारचौघांत बोलून बसलेय मी. फुललं तर जाईन. उघडलं आणि मेलेलं निघालं, तर मला कधीच जाता यायचं नाही. दार बंद आहे तोवर जाता येईल असं तरी वाटतं."

"तुला जायचंय?"

"तुझी आई भात अळणी करते," आत्या म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "जायचंय गं."

मी म्हटलं, मग मी जाऊन पाणी घालते. तर तिने खिशावर हात दाबून धरला. हट्ट आणि भीती दोन्ही एकाच खिशात, आणि वर आमच्या घराण्याचं रक्त. उद्या आलाच नाही. एक एक आठवडा गेला आणि तिला स्वतःलाच कळत होतं, की दर आठवड्याला आतली माती जास्त सुकतेय. ती रात्री उशीवर पडून उसासे टाकायची आणि मला शाळेत भूगोल शिकवताना झोप यायची.

थंडी सरता सरता डोंगर गुलाबी झाला. आईने एकदा आतोबांना चहा देताना सरळ विचारलं, "अबू रातिब, सगळ्या डोंगरावर फुललंय. तुमच्याकडे काय वेगळा हिवाळा आहे?" आतोबांना पटलं. त्यांनी पुन्हा हाज मशहूरांना गाठलं. हाज मशहूर येणार नव्हते. पण मागची गार कॉफी गावात अजून चघळली जात होती, म्हणून आले.

पुन्हा तीच मंडळी, तीच गालिच्यावरची जागा. पेले समोर ठेवले गेले. हाज मशहूरांनी या वेळी स्तुती आखडती घेतली.

"शर्त होती, फूल. अबू रातिब, फुललं ना?"

"मला माहीत नाही," आतोबा म्हणाले.

हाज मशहूरांनी डोळे मिटले. "तू न बघता आम्हाला इथे आणलंस?"

"मला बघायची परवानगी नव्हती. म्हणजे मीच मला दिली नव्हती. चावी हिच्याकडे आहे, उन्हाळ्यापासून. मी हात लावलेला नाही, पाणी घातलेलं नाही, फटीतूनही बघितलेलं नाही." ते पडद्याकडे वळले. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदा तिच्याशी थेट बोलले. "सबहा, मी काही केलं नाही. हे मला जमलं. फुललं की नाही ते तुला माहीत."

सगळे पडद्याकडे बघू लागले. पडद्याआड मी आत्याच्या शेजारी होते. तिने खिशातली चावी मुठीत धरली होती. तिला काहीच माहीत नव्हतं. नाही म्हणाली असती तर ते बहुधा खरं ठरलं असतं, आणि सगळं तिथेच संपलं असतं. हाज मशहूरांच्या पेल्यातली वाफ विरली होती.

"प्या," आत्या म्हणाली. "कॉफी प्या, हाज. गार होईल."

हाज मशहूर इतक्या घाईने प्यायले की त्यांची जीभ भाजली असती, पण कॉफी गारच झाली होती. इमामांनी दुआ म्हटली. आईने आत जाऊन आत्याची उशी बाहेर आणली, कोणी मन बदलायच्या आत.

मंडळी आत्याला पोचवायला तिच्या अंगणापर्यंत आली, कारण फूल बघितल्याशिवाय कोणी घरी जाणार नव्हतं. आत्या म्हणाली, गर्दी नको, दार अरुंद आहे. भट्टीच्या खोलीत ती, आतोबा आणि मी असे तिघंच गेलो.

डबा जिथे ठेवला होता तिथेच होता. माती कोरडीठाक, वर भेगा. पान नाही, कोंब नाही.

आतोबा डब्याकडे बघत राहिले, मग आत्याकडे. "तू येऊन बघितलंच नव्हतंस?"

"नाही."

"मग प्या का म्हणालीस?"

आत्याने झगा सावरला. ती खाली बसली, नखाने माती बाजूला केली आणि कंदावर अंगठा दाबला. बराच वेळ दाबून ठेवला.

"टणक आहे अजून," ती म्हणाली. "तहानलंय. आणा पाणी. घाला."

"मी?"

"तुम्हीच. कडेकडेने."

आतोबा तांब्या आणायला वळले, तेवढ्यात अंगणातून हाज मशहूरांची हाक आली. "अबू रातिब, अरे आम्ही किती वेळ उभं राहायचं? फुललं का?"

आत्या माझ्याकडे बघत राहिली आणि मी जमिनीकडे. मिफ्लेह आतोबांच्या तोंडून खोटं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, त्यांना ते जमेल असंही वाटलं नव्हतं. ते दारात ताठ उभे राहिले, बाहेरच्यांना आतलं काही दिसू नये अशा बेताने.

"फुललं," ते म्हणाले. "गुलाबी आहे."